एसटीने कोकणकिनारी दोन दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शनिवार-रविवार साधून एसटीने समुद्रावर कसं जावं, हे विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच : स्वस्तातलं गाव कोणतं? आमच्या मते तो दुसरा प्रश्न आहे. आधी पाहायचं ते हे, की एसटी स्थानकापासून किनारा चालत जाता येईल इतका जवळ आहे का आणि रविवारी परतीची गाडी कुठून सुटते. पुणे-मुंबईहून कोकणात उतरणं सोपं असतं. पैसे आणि वेळ जातो तो शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरवर. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख त्याच टप्प्यावर आहे.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पुण्यात राहतो. स्वतःची गाडी नाही. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी यायचं आहे. दिवेआगर, श्रीवर्धन आणि दापोली अशी तीन नावं मनात आहेत. एसटीने कोणतं सोयीचं आणि खर्च किती येईल?

उत्तर : तिन्ही गावं सुंदर आहेत, पण तुमच्या अटींत श्रीवर्धन बसतं. कारण साधं आहे. श्रीवर्धनला एसटीचं आगार आहे आणि तिथून किनारा पायी गाठता येतो. दिवेआगरचा किनारा अधिक निवांत असला तरी तिथे थेट जाणाऱ्या गाड्या मोजक्या. तिकडची मोठी बाजारपेठ म्हणजे बोर्ली पंचतन. म्हसळ्याहून बोर्लीची गाडी मिळते, पुढचे पाचेक किलोमीटर रिक्षाने. म्हणजे जाताना एक रिक्षा, येताना एक, आणि मधे श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर पाहायचं ठरवलं तर आणखी रिक्षा. एसटीत वाचवलेले पैसे तिथेच संपतात.

दापोलीची अडचण वेगळी. दापोली शहर डोंगरावर आहे, समुद्र खाली. हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर हे किनारे दापोलीहून दुसरी गाडी धरून गाठावे लागतात. त्यातल्या त्यात हर्णैच्या बाजूला फेऱ्या बऱ्या असतात, लाडघरकडे कमी. पुण्याहून दापोलीचा पल्लाही लांब, त्यामुळे शनिवारचा निम्म्याहून जास्त दिवस गाडीतच जातो. दापोलीसाठी तीन दिवस हाताशी ठेवा.

आता श्रीवर्धनचा हिशेब. साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं आणि जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर एका टप्प्याला साधारण १० रुपये पडतात. पुणे ते श्रीवर्धन ताम्हिणीमार्गे सुमारे १६५ किलोमीटर, म्हणजे २८ टप्पे, म्हणजे माणशी २८० रुपयांच्या आसपास. बाईमाणसाला राज्यात सगळ्या एसटी गाड्यांत निम्मं तिकीट आहे (१७ मार्च २०२३ पासून), त्यामुळे तुमच्या पत्नीचे १४०. दोघांचं जाऊन-येऊन ८४० ते ९०० धरा, आरक्षणाचा आकार वेगळा. हीच रीत कुठल्याही गावाला लागू आहे : नकाशावरचं अंतर भागिले सहा, गुणिले दहा. निमआराम गाडीला आणि वातानुकूलित शिवशाहीला याहून जास्त पडतात.

गाडी स्वारगेटहून धरा आणि मधल्या थांब्यावर वाट पाहत बसू नका, शनिवारी सकाळी ती तिथे येईपर्यंत भरलेली असते. पाटीवर फक्त "श्रीवर्धन" पाहून चढू नका. "मार्गे ताम्हिणी, माणगाव, म्हसळा" हे शब्द शोधा, कारण दुसऱ्या घाटाने जाणारी गाडी दीड-दोन तास जास्त घेऊ शकते. पोचायला पाच ते सहा तास धरा. पहाटेची गाडी मिळाली तर दुपारच्या जेवणाला तुम्ही गावात.

परतीला खरी कसोटी असते. रविवारी दुपारनंतरच्या पुणे-मुंबईच्या गाड्या तुडुंब भरतात, म्हणून जातानाच्या तिकिटाआधी येतानाचं काढा. आरक्षण दोन महिने आधीपासून खुलं असतं, मंडळाच्या अ‍ॅपवर किंवा स्थानकातल्या खिडकीवर. गाडी जिथून सुटते त्या आगारातूनच बसा. माणगावला चढायचं म्हटलंत तर उभ्याने घाट चढावा लागेल. आणि शेवटच्या गाडीवर कधीच विसंबू नका, शेवटून दुसरी धरा. ती रद्द झाली तर हाताशी एक गाडी उरते. दोन्ही हुकल्या तर म्हसळामार्गे माणगाव गाठा. तिथे मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या रात्रीही मिळतात. पनवेलहून पुण्याला कधीही गाडी आहे. वळसा पडतो, पण रात्री ताम्हिणीत अडकण्यापेक्षा बरा. घाटात मोठ्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते.

खोली घेताना मालकांना भाड्याआधी हे विचारा : "रविवारी पुण्याची गाडी किती वाजता आहे आणि ती खरंच सुटते का?" घरगुती निवास चालवणाऱ्यांना हे वेळापत्रकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मग विचारा की जेवण भाड्यात आहे की ताटावर, आणि किती आधी सांगावं लागतं. कोकणात घरगुती जेवण सांगितल्याशिवाय होत नाही. दुपारी बाराला पोचून लगेच ताट मागितलंत तर मिळणार नाही, आदल्या रात्री फोनवर "दोन ताटं, मासे किंवा शाकाहारी" एवढं सांगून ठेवा. मोदक हवे असतील तर ते तर आधीच सांगायचे.

प्रश्न : कॉलेजमधल्या आम्ही चौघी मैत्रिणी, डोंबिवलीच्या. अलिबाग आणि मुरूड-जंजिरा दोन दिवसांत एसटीने होईल का? लाँचने जावं की गाडीने?

उत्तर : होईल, आणि चौघी मुली म्हणजे तुमच्याएवढी स्वस्त सहल दुसऱ्या कोणाची होणार नाही. पनवेल ते अलिबाग सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे पूर्ण तिकीट १२० च्या आसपास, तुम्हाला ६०. अलिबाग ते मुरूड सुमारे ५० किलोमीटर, पूर्ण ९०, तुम्हाला ४५. पनवेलपासून मुरूडपर्यंत जाऊन-येऊन एकीला साधारण २१० रुपये. मागणी केल्याशिवाय वाहक सवलतीचं तिकीट देईलच असं गृहीत धरू नका, चढतानाच "महिला, चार" म्हणा. त्यासाठी कसलंही ओळखपत्र लागत नाही.

लाँचला मात्र ही सवलत नाही. गेटवेहून मांडव्याला बोटीने तासाभरात पोचता येतं, आणि बोटवाल्यांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही धरलेली असते. दक्षिण मुंबईत राहणाऱ्याला ते सोयीचं. डोंबिवलीहून आधी गेटवेला जाणं म्हणजे उलटा प्रवास. तुम्ही पनवेलच धरा. तिथून अलिबागच्या विनाथांबा गाड्याही सुटतात.

मुक्काम कुठे करायचा यावर बाकीचं अवलंबून आहे. अलिबाग गावात राहण्यापेक्षा अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरचं आक्षी किंवा नागाव बघा. रस्ता एकच असल्याने त्या बाजूच्या सगळ्या गाड्या तुमच्या दारावरून जातात, शिवाय मिनीडोर, म्हणजे माणशी भाड्याच्या मोठ्या रिक्षाही धावतात. शनिवारी दुपारी खोलीवर सामान टाकून नागावचा किनारा. रविवारी सकाळची पहिली मुरूड गाडी धरा. ती रेवदंड्याची खाडी ओलांडून, काशीदच्या समुद्राला अगदी लगटून जाते. खिडकी उजव्या हाताची घ्या. मुरूडहून राजपुरी धक्का पाचेक किलोमीटर, चौघींत एक रिक्षा पुरते. जंजिऱ्याच्या होड्या राजपुरीहून सुटतात. रविवारी अकरानंतर धक्क्यावर रांग लागते, म्हणून तिथे नऊ-साडेनऊला हजर व्हा. होडी भरल्याशिवाय सुटत नाही आणि परत कधी न्यायचं हे होडीवालाच सांगतो, तेव्हा दोन-अडीच तास तिथे जाणार हे धरून चला.

येताना मुरूडहून थेट मुंबई-पनवेलची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर अलिबागला उतरून गाडी बदला. अलिबागहून पनवेलच्या फेऱ्या भरपूर आहेत, तिथून पुढची काळजी नाही.

काशीदला उतरून पोहायचं मनात असेल तर तो विचार सोडा. पाणी निळं दिसतं, पण तळ झपाट्याने खोल होतो आणि ओढ जोरदार आहे. गुडघ्यापर्यंतच जा, तेही जीवरक्षक असेल तिथे.

प्रश्न : अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं असं ऐकलं. ओहोटी कधी असेल हे आधी कसं कळणार? त्याप्रमाणे शनिवार-रविवार निवडता येईल का?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी घरातली दिनदर्शिका पुरते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : त्या दिवसाची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, तिथी प्रतिपदेपासूनच मोजायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारीही आणि पहाटेही. षष्ठीला साडेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास लागते. भरतीपासून सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहू शकते, म्हणून तारीख ठरवायला तो वापरा. पाण्यात पाऊल टाकायची वेळ मात्र त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहून आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारूनच ठरवा.

आता तुमचा रविवार निवडू. दिनदर्शिकेत रविवारी पंचमी किंवा षष्ठी येते ते आठवडे शोधा. पंचमीला भरती दुपारी पावणेचारला, म्हणजे तिच्या सहा तास बारा मिनिटं आधीची सकाळची ओहोटी साडेनऊच्या सुमारास. षष्ठीला सव्वादहाच्या सुमारास. शनिवारी अलिबागला मुक्काम, सकाळी किल्ला, दुपारी परतीची गाडी, असं सगळं नीट जुळतं. रविवारी अष्टमी-नवमी असेल तर ओहोटी बारा-एकला येते खरी, पण ती भांगाची. पाणी पुरतं हटत नाही, मांडीपर्यंत राहू शकतं, आणि मग घोडागाडीचे पैसे मोजावे लागतात. उलट पौर्णिमा-अमावस्येला पाणी सर्वांत लांब जातं, पण ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. संध्याकाळच्या ओहोटीला किल्ल्यात शिरू नये. परतताना अंधार आणि चढतं पाणी दोन्ही गाठतात.

आत-बाहेर करायचा नियम हा : ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड तास आधी निघा, आणि घड्याळात ओहोटीची वेळ झाली की किल्ल्यातून बाहेर पडायला लागा. पाणी एका बाजूने चढताना दिसत नाही, वाळूतल्या सखल पट्ट्यांतून ते मागून येऊन रस्ता कापतं. दरवर्षी माणसं अडकतात ती याच समजुतीने, की "समोर अजून कोरडं दिसतंय". चपला हातात घेऊ नका, पायातच ठेवा, मधल्या खडकांवर कालवांच्या कडा धारदार असतात.

हाच हिशेब हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेलाही वापरा. देवळामागून उतरणारी खडकाळ वाट फक्त ओहोटीत आणि समुद्र शांत असतानाच करायची. लाटांचे शिंतोडे पायऱ्यांवर येत असतील तर वरूनच नमस्कार करून फिरा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, बाबा ७६, मुलगी ९. चौघांना एसटीने नेताना तिकिटात काय सवलती मिळतील? आईला घाटात गाडी लागते.

उत्तर : वडिलांना ७५ पूर्ण झाली असल्याने राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे (२६ ऑगस्ट २०२२ पासून). आईला निम्मं तिकीट : ज्येष्ठ नागरिक म्हणून ६५ ते ७५ पर्यंत निम्मं आणि महिला म्हणूनही निम्मं, पण दोन्ही सवलती एकत्र लागत नाहीत. मुलगी ५ ते १२ मध्ये, तिचंही अर्धं तिकीट. वडिलांचं आधार कार्ड सोबत ठेवा, वयाचा पुरावा दाखवल्याशिवाय शून्याचं तिकीट मिळत नाही. आरक्षण केलं तर त्याचा आकार सगळ्यांना द्यावा लागतो, आणि म्हाताऱ्या माणसांसोबत ते करावंच. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच. गोव्याच्या गाडीत पुढचं पूर्ण भाडं पडतं.

गाडी लागण्यावर जागेचा उपाय औषधाइतकाच कामाचा आहे. दोन चाकांच्या मधल्या बाकांवर, शक्यतो पुढच्या निम्म्या भागात बसा. मागच्या चाकाच्या मागे बसलेलं माणूस प्रत्येक वळणाला फेकलं जातं, आणि शेवटच्या बाकावर तर खड्डाही दुप्पट लागतो. आरक्षण करताना आसनांच्या चित्रात हे पाहून घ्या. औषध घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून, गाडी सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी. घाटात उलटी व्हायला लागल्यावर गोळी पोटात टिकत नाही. निघताना पोट रिकामं नको आणि भरगच्चही नको, एखादी पोळी किंवा दोन बिस्किटं पुरे. चहा टाळा. नजर खिडकीतून लांबच्या डोंगरावर ठेवायला सांगा, मोबाइल बंद.

प्रश्न : कोल्हापूरहून एका मुक्कामात गणपतीपुळे करावं की मालवण?

उत्तर : पहिल्यांदाच जात असाल तर गणपतीपुळे, समुद्रात रमणारे असाल तर मालवण. कोल्हापूर-रत्नागिरी आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर, आणि या मार्गावर गाड्यांना तोटा नाही. थेट गणपतीपुळ्याची गाडी मिळाली नाही तरी रत्नागिरीहून पुढे मिळते. चौकशीला विचारताना "आरे-वारेमार्गे" विचारा. ती समुद्राकाठाने, वीस-पंचवीस किलोमीटरांत जाते. निवळीमार्गे जाणारी बराच वळसा घेते आणि समुद्र दिसतच नाही.

मालवणचं एक चांगलं आहे : स्थानक, बाजार आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्यांचा धक्का हे सगळं पायी उरकतं. तारकर्ली सहा-सात किलोमीटर पुढे आहे. राहायला तिथे न जाता मालवण गावातच राहा आणि एका दुपारी तिकडे फिरून या, खोल्या स्वस्त पडतात आणि रविवारची गाडी चालत गाठता येते. रस्ता फोंडा घाटाचा की गगनबावड्याचा, हे गाडीवर ठरतं. निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू असल्याची खात्री मात्र करा. कोल्हापूरकरांना वडापची, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्यांची सवय असते, पण एवढ्या पल्ल्याला आणि घाटात वडाप नकोच.

प्रश्न : मागच्या खेपेला वेळापत्रकात असलेली गाडी रविवारी आलीच नाही. आम्ही खेड्यातल्या थांब्यावर दोन तास उभे. असं का होतं?

उत्तर : खेड्यांतल्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात. रविवारी, दिवाळीत, मे महिन्यात शाळा बंद, की त्या फेऱ्याही बंद. फलकावर त्या तशाच लिहिलेल्या राहतात. म्हणून चौकशी करताना "गाडी किती वाजता आहे" असं न विचारता "रविवारी ही फेरी असते का" असं विचारा.

दुसरी ओळखून ठेवायची ती मुक्कामी गाडी. संध्याकाळी आगारातून शेवटची सुटते, रात्री गावातच थांबते आणि पहाटे तीच परत निघते. चालक-वाहक गावातच झोपलेले असल्याने ही पहाटेची फेरी सहसा चुकत नाही. आडगावच्या किनाऱ्यावर राहणार असाल तर परतीसाठी हिच्याइतकी भरवशाची गाडी नाही. फक्त उठायची तयारी हवी. कुठे उभी असते आणि किती वाजता हलते हे आदल्या संध्याकाळी वाहकालाच विचारा. सुटे पैसे जवळ ठेवा. मोबाइलने पैसे देण्याची सोय असली तरी रेंज नसेल तिथे ती निरुपयोगी.

प्रश्न : मुरूडचं तिकीट काढताना दोन मुरूड दिसले. कोणता खरा?

उत्तर : दोन्ही खरे. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात, दुसरं रत्नागिरी जिल्ह्यात दापोली-हर्णैजवळ. दोन्हींना समुद्र आहे, त्यामुळे चूक उतरल्यावरच कळते. वेळासचंही तसंच : कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात, दुसरं दिवेआगरजवळ. तिकीट काढताना तालुका सांगा.

प्रश्न : जुलैत स्वस्त खोल्या मिळतात असं म्हणतात. पावसात जावं का?

उत्तर : खोल्या मिळतात, पण बाकीचं बरंच मिळत नाही. जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या बंद, मांडव्याच्या लाँच बंद, मासेमारीबंदीमुळे ताजे मासे थोडे, आणि समुद्रात पाय घालणंही धोक्याचं. ताम्हिणी किंवा वरंध घाटात दरड आली की गाड्या वळवतात किंवा रद्द करतात. पाऊसच पाहायचा असेल तर घाट नसलेला रस्ता निवडा : पनवेल, पेण, अलिबाग. सोमवारी सुट्टी घेणं शक्य असेल तरच जा, कारण रविवारी रस्ता बंद झाला तर तो रात्रीत मोकळा होईलच असं नाही.